धानावरचा सर्वात मोठा कर कोणी लावला?

२०२५च्या ऑगस्टमध्ये गोंदियाच्या प्रत्येक चहाटपरीवर एकच विषय होता. अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के शुल्क लावले. मग आपण रशियाकडून तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. एकूण ५०. टीव्हीवर संताप, मोबाइलवर संताप, स्वदेशीच्या शपथा. आपल्या मोहल्ल्यातली पोरेही त्यात मागे नव्हती. राग चुकीचा नव्हता. एका देशाने दुसऱ्याचे परराष्ट्र धोरण शुल्काच्या काठीने हाकावे, हा अन्यायच आहे.

पण त्या गर्दीत एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. गोंदियातून अमेरिकेला जाते तरी काय?

आपला जिल्हा धानाचा. तिरोडा, आमगाव, गोरेगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत शेतात धान आणि शहरात राइस मिल, एवढीच आपली अर्थव्यवस्था. अमेरिका भारताकडून जो तांदूळ घेते तो मुख्यतः बासमती, म्हणजे पंजाब-हरियाणाकडचा. आपल्या ठोकळ धानाचा पांढरा तांदूळ, उसना तांदूळ आणि कणी ज्या जातीचा माल आहे, त्याचे गिऱ्हाईक वेगळे आहे. सेनेगल, बेनिन, गिनी, आयव्हरी कोस्ट, बांगलादेश. सेनेगलमध्ये तर रोजच्या जेवणात कणीच लागते. आपल्या मिलचा माल स्वतः जहाजात चढो वा न चढो, त्याचा भाव या बाजाराशी बांधलेला असतो. बंदरावर मागणी असली की मिलवाला धान शोधत फिरतो, मागणी थांबली की तो फोन उचलत नाही.

या मालावर सर्वात मोठा कर वॉशिंग्टनने लावलेला नाही. तो दिल्लीने लावला. आणि तो ५० टक्केही नव्हता, ती सरळ बंदी होती.

तारखा पाहा. ९ सप्टेंबर २०२२पासून कणीच्या निर्यातीवर बंदी आणि बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क. २० जुलै २०२३ रोजी पांढऱ्या तांदळाची निर्यातच बंद. २५ ऑगस्ट २०२३ रोजी उसन्यावर २० टक्के शुल्क. मग सप्टेंबर २०२४च्या अखेरीस पांढऱ्या तांदळावरची बंदी उठली, पण टनाला ४९० डॉलरच्या किमान भावाची अट घालून. त्याच वेळी उसन्यावरचे शुल्क २०चे १० टक्के झाले आणि ऑक्टोबरमध्ये शून्य. पांढऱ्या तांदळावरची किमान भावाची अटही ऑक्टोबरमध्येच गेली. कणीची बंदी उठायला मार्च २०२५ उजाडला. अडीच वर्षांत धोरण इतक्या वेळा वळले, आणि प्रत्येक वळण रातोरात.

२० जुलैचा आदेश निघाला त्या क्षणापासून लागू झाला. सूट होती ती मुख्यतः ज्या जहाजांत माल चढू लागला होता किंवा ज्यांची कागदपत्रे होऊन जहाज बंदराला लागले होते, त्यांना. गोदामात पडलेल्या पोत्याला सूट नव्हती. शेतकऱ्याच्या अंगणातल्या धानाला तर विचारतोच कोण?

माझे मामू आमगावकडे ठेक्याने शेती करतात. त्या वर्षी त्यांनी उन्हाळी धान लगेच विकला नाही. भाव चढता होता आणि पावसाळ्यानंतर मामेबहिणीचा निकाह ठरला होता. त्या पैशावर सगळा हिशेब बांधलेला. बंदीची बातमी आली आणि व्यापाऱ्याने येणे बंद केले. दोन आठवडे कोणी बोली लावेना. "दिल्लीचं काही सांगता येत नाही भाई, थांबा," असे सांगून सगळे मोकळे. मामूंना थांबता येत नव्हते. रोवणीची मजुरी, खत आणि निकाहची तारीख तिन्ही डोक्यावर. त्यांनी पडत्या भावात धान दिला. पुढे दोन-तीन महिन्यांनी तोच भाव पुन्हा वर गेला. तोपर्यंत तो धान मामूंचा नव्हता, ज्याचे गोदाम होते त्याचा होता.

माझा मुद्दा इथेच आहे. निर्यातबंदी चांगली की वाईट, यावर अर्थतज्ज्ञ वाद घालतील. मी म्हणतो, धोरणाचा अचानकपणा हाच एक कर आहे, आणि तो कर थांबू न शकणारा माणूस भरतो. ज्याच्याकडे गोदाम आहे, बँकेची मर्यादा आहे, दिल्लीत ओळख आहे, तो वाट पाहतो आणि कमावतो. ज्याच्याकडे यातले काही नाही तो विकतो. साठेबाजीला आपण गुनाह मानतो, मिंबरवरून तिच्याविरुद्ध ऐकतो. पण रातोरात बदलणारे धोरण साठेबाजालाच इनाम देते, हे कोण बोलणार?

आता समोरची बाजू प्रामाणिकपणे ऐकू या. सरकारचे म्हणणे होते की एल निनोचे वर्ष आहे, वर्षभरात तांदळाचा किरकोळ भाव ११.५ टक्क्यांनी वाढला आहे, गरिबाचे ताट सांभाळायचे आहे. हा युक्तिवाद हलका नाही. आपल्यातले बहुतेक धान पिकवत नाहीत, तांदूळ विकत घेतात. हमाल, बिडी वळणारी बाई, ट्रकवरचा क्लीनर यांना किलोमागे पाच रुपयेही जड आहेत. उपासमारीच्या काळात देशाने धान्य अडवून ठेवले तर त्यात पाप नाही.

पण तेव्हा उपासमार होती का? केंद्रीय साठ्यात १ जुलैला १३५ लाख टनांच्या आसपास तांदूळ असावा, असा सरकारचाच निकष आहे. २०२३च्या जुलैमध्ये साठा त्याहून बराच जास्त होता. सुमारे ८० कोटी लोकांना महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळतच होते. बाजारभाव खाली आणायचा होता, तर साठ्यातला तांदूळ बाजारात सोडण्याचा मार्ग होता. तो खर्च सरकारच्या तिजोरीतून गेला असता. बंदीचा खर्च मामूंच्या खिशातून गेला. गरीब ग्राहकाला मदत करायलाच हवी, पण तिचे बिल गरीब शेतकऱ्याच्या नावावर का?

आणि बंदीने ग्राहकाला तरी काय दिले? २०२३ संपतानाही तांदळाचे किरकोळ भाव आदल्या वर्षापेक्षा चढेच होते. म्हणून तर फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारला २९ रुपये किलोने 'भारत तांदूळ' विकायला काढावा लागला. जे काम जुलैमध्ये करता आले असते ते सात महिन्यांनी केले.

पुढचे ऐकून तर हसावे की रडावे कळत नाही. माणसांना खायला हवा म्हणून ज्या तांदळाची निर्यात थांबवली, त्याचा साठा इतका फुगला की २०२५मध्ये सरकारी गोदामातला तांदूळ इथेनॉल कारखान्यांना क्विंटलला २,२५० रुपयांनी देण्यात आला. म्हणजे किलोला साडेबावीस. गरिबाला २९ आणि डिस्टिलरीला साडेबावीस! हे संरक्षण असेल, तर कोणाचे?

ही गोष्ट एकट्या तांदळाची नाही. नाशिकच्या कांद्यावर ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आले, डिसेंबरमध्ये बंदी आली आणि ती मे २०२४पर्यंत टिकली. तुरीची आयात मे २०२१मध्ये खुली झाली आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. विदर्भाचा कापूस घ्या. १५ ऑगस्ट २०२५ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितले की शेतकऱ्यांच्या हितासाठी मी भिंतीसारखा उभा आहे. चार दिवसांत, १९ ऑगस्टपासून, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका यवतमाळ-वर्ध्याचा नवा कापूस बाजारात येण्याच्या हंगामात. कारण सांगितले गेले की अमेरिकी शुल्काने कापड गिरण्या अडचणीत आहेत. गिरण्या अडचणीत होत्या हे खरेच. पण अमेरिकेने गिरणीला मारलेला फटका कापूसवाल्याच्या पाठीवर का उतरवला?

सूत्र लक्षात ठेवा. भाव चढला की निर्यात बंद आणि आयात खुली. भाव पडला की शेतकरी आणि त्याचे नशीब. इंग्रजी पुस्तकांत संरक्षणवाद म्हणजे देशातल्या उत्पादकाला बाहेरच्या स्पर्धेपासून वाचवणे. आपल्याकडे शेतीत उलटी गंगा वाहते. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेचे अहवालही वर्षानुवर्षे दाखवत आले आहेत की भारतातली बाजार-धोरणे एकूण हिशेबात शेतकऱ्याला आधार देण्याऐवजी त्याच्याकडून काढून घेतात. दिल्ली अमेरिकेशी वाटाघाटीत शेतकऱ्याचे नाव पुढे करते आणि घरी आल्यावर त्याच शेतकऱ्याचे दार बाहेरून कडी लावून बंद करते.

दुसरे नुकसान लगेच दिसत नाही. जगात जेवढा तांदूळ देशादेशांत विकला जातो, त्यातला सुमारे ४० टक्के भारताचा. एवढा मोठा दुकानदार एका रात्रीत शटर ओढतो तेव्हा गिऱ्हाईक भूक थांबवून बसत नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये जागतिक बाजारात तांदळाचे भाव १५ वर्षांतल्या उच्चांकावर गेले. झळ पश्चिम आफ्रिकेतल्या गरिबाला बसली. व्हिएतनाम, थायलंड आणि पाकिस्तानच्या निर्यातदारांनी जागा भरली. २०२२-२३ मध्ये भारताची तांदूळ निर्यात २ कोटी २० लाख टनांच्या वर होती. पुढच्या वर्षी ती १ कोटी ६५ लाख टनांच्याही खाली आली. फेब्रुवारी २०२५मध्ये बांगलादेशने पाकिस्तानकडून सरकारी करारावर ५० हजार टन तांदूळ घ्यायला सुरुवात केली. राजकारण त्यात आहेच. पण ज्या दुकानाचे शटर कधी पडेल सांगता येत नाही, त्याच्यावर कोणी संसार चालवत नाही, हेही आहे.

शेजाऱ्याच्या शुल्काची झळ काय असते, हे आपल्या बाजूच्या नागपूर-अमरावतीच्या संत्रा बागायतदारांना विचारा. संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्याने २०१९नंतर आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवले आणि बागेतले भाव बसले. ते आपल्याला अन्याय वाटते, आणि आहेच. मग आपण अचानक तांदूळ थांबवतो तेव्हा ढाक्यातल्या किंवा डकारमधल्या माणसाला काय वाटत असेल?

जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीकराराचे १२वे कलम सांगते की अन्नधान्याची निर्यात रोखायची तर शक्य तितकी आधी सूचना द्या आणि आयात करणाऱ्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करा. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण जो देश त्या धान्याचा निव्वळ निर्यातदार आहे त्याला नाही. तांदळात भारत तसा निर्यातदार आहे. अमेरिकेला आपण नियम पाळा म्हणतो. तो आग्रह स्वतःपासून सुरू झाला तर त्याला वजन येईल.

बंदीच्या काळात दार सगळ्यांना सारखे बंद नव्हते, हेही विसरू नका. मित्रदेशांच्या विनंतीवरून कोटे दिले गेले. संयुक्त अरब अमिरातीला ७५ हजार टन, आणि गिनी, कॅमेरून, मलेशिया यांनाही. हा माल पाठवण्याचे काम नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेड या दिल्लीच्या एका संस्थेकडे होते. गोंदियातल्या मिलला किंवा तालुक्याच्या सहकारी संस्थेला स्वतःच्या नावावर त्यात जागा नव्हती. बंदी म्हणजे व्यापार थांबणे नव्हे. बंदी म्हणजे परवानगीची चावी एका हातात जाणे.

आणि आवाज असला की चावी फिरते. ऑगस्ट २०२३मध्ये बासमतीवर टनाला १,२०० डॉलरच्या किमान भावाची अट आली. पंजाब-हरियाणातले शेतकरी आणि निर्यातदार उठले, खरेदी थांबली, आणि दोन महिन्यांत अट ९५० डॉलरवर आली. आपल्या पांढऱ्या तांदळाला चौदा महिने लागले. फरक धानाच्या जातीचा नव्हता, संघटनेचा होता.

आता थोडे आपल्याबद्दल. तुमच्यातले काही म्हणतील, हा प्रश्न शेतकऱ्यांचा आहे, मुसलमानांचा यात काय? हा विचारच आपल्याला संपवतो. मिलमधला फिटर, हमाल, ट्रकचालक, बारदाना शिवणारा, ठेक्याने शेती करणारा, यांत आपली माणसे किती आहेत ते मोहल्ल्यात मोजून पाहा. शासनाने धानाला हेक्टरी २० हजार रुपये बोनस दिला. तो सातबारावर ज्याचे नाव त्याला मिळाला. मामूंचे नाव सातबारावर नाही. बंदीचा तोटा त्यांनी भरला, बोनस जमीनमालकाने घेतला. मालक वाईट माणूस नाही, नियमच तसा आहे. पलीकडे छत्तीसगडमध्ये डिसेंबर २०२३पासून क्विंटलला ३,१०० रुपयांचा हिशेब सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे हमीभाव होता २,१८३. सालेकसा-देवरीच्या माणसाला ती सीमा रोज डोळ्यांसमोर दिसते.

दुसरी गोष्ट आणखी जवळची. देशांमधला व्यापार जेव्हा निष्ठेची परीक्षा बनतो, तेव्हा ती परीक्षा सीमेवर थांबत नाही, गल्लीत येते. मे २०२५मध्ये पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानच्या सफरचंदांवर बहिष्कार घातला. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. एक परदेशी मालाविरुद्ध, दुसरा शेजाऱ्याविरुद्ध. दोन्ही एकसारखे नाहीत हे मला कळते. पण 'आपल्याच माणसाकडून घ्या' हे वाक्य दोन्हीकडे तेच आहे, आणि 'आपला' कोण हे ठरवणारा प्रत्येक वेळी वर्तुळ लहान करत जातो. म्हणून स्वदेशीची शपथ घेताना विचारा, या स्वदेशीत आमगावचा ठेकेकरी बसतो का? यात्रेतला बांगडीवाला बसतो का? तो बसत नसेल, तर ती स्वदेशी नाही, ती नुसती घोषणा आहे.

मग मागायचे काय? मी बेलगाम मुक्त व्यापार मागत नाही. परदेशी अनुदानाचे स्वस्त धान्य उद्या बंदरावर उतरले तर गोंदियाचा धान एका हंगामात झोपेल. संरक्षण हवेच, पण नियमाचे हवे, मर्जीचे नको.

एक, निर्यात रोखायची असेल तर किमान ३० दिवसांची पूर्वसूचना द्या. अपवाद फक्त तेव्हा, जेव्हा सरकारी साठा स्वतःच ठरवलेल्या निकषाखाली गेला असेल.

दोन, बंदीमुळे भाव पडला तर फरक सरकारने भरावा, आणि तो जो कसतो त्याला मिळावा. त्यासाठी ठेक्याने आणि बटईने कसणाऱ्यांची गावपातळीवर नोंद व्हावी.

तीन, कोटे द्यायचेच असतील तर जिल्ह्याच्या सहकारी संस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही त्यात वाटा हवा.

आणि तुमच्याकडून? बाजार समितीची सभा असते, तिथे बसा. ग्रामसभेत ठेकेकऱ्यांच्या नोंदीचा विषय लेखी द्या. आधारभूत खरेदी केंद्रावर चुकारे किती दिवसांनी मिळतात, बारदाना का संपतो, हे माहिती अधिकारात विचारा. पोवार, कुणबी, कोहळी, गोंड शेतकऱ्यांच्या आंदोलनात पाहुणे म्हणून जाऊ नका, भागीदार म्हणून जा. आपण फक्त आपल्यावर आले तेव्हाच बोलतो, हा आरोप उत्तर देऊन पुसला जाणार नाही. तो धानाच्या सभेत खुर्ची टाकून बसल्यानेच पुसला जाईल.

अमेरिकेचे शुल्क वाढेल, कमी होईल, करार होतील, मोडतील. त्यावर टपरीवर खुशाल बोला. फक्त पुढच्या वेळी कोणी म्हणाले की परक्यांनी आपल्या शेतकऱ्याला लुटले, तर त्याला २० जुलै २०२३ ही तारीख विचारा. त्याला ती आठवत नसेल तर चहाचे पैसे त्याने द्यावेत. मामूंना ती पाठ आहे.